नाव घेतलं नव्हतं

औशात तिला सगळे वंदना म्हणत. घरमालकीण कमलम्मा, बचत गटाच्या डाळमिलमधल्या बाया, कोपऱ्यावरचा किराणावाला, सगळेच. तिचं खरं नाव महामाया. ते गावात ठाऊक होतं फक्त नवऱ्याला, पोरीला आणि मंजुषा नावाच्या एका महिला पोलिसाला. आईचं नाव कुणी विचारलं तर वंदना सांगायचं, असं चौथीतल्या सृष्टीला पढवून ठेवलं होतं. पोरगी शहाणी. कामून म्हणून तिनं एकदाही विचारलं नाही.

महामाया मूळची हिमायतनगरची. तिथल्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर ती बसायची. कापसाचा टेम्पो काट्यावर चढला की आकडा बघायचा, संगणकात टाकायचा, पावती फाडून द्यायची. काटा जरा शेठच्या बाजूनं झुकतो हे तिला कळून चुकलं होतं, पण काट्यावर बसणाऱ्या बाईला कोण विचारतो? नवरा आदर्श घरोघरी वायरिंगची कामं करायचा. तिचा बाप भीमा गावातच, जुन्या वस्तीत एकटा राहायचा. खाऊन-पिऊन बरं चाललं होतं.

एका हिवाळ्यात तिथं सुदर्शनचा खून झाला. सुदर्शन म्हणजे टेम्पो चालवणारा पोरगा, पंचविशीच्या आतबाहेरचा. त्यानं भरलेला टेम्पो आधी दुसऱ्या काट्यावर नेला आणि मग जिनिंगवर आणला. दोन वजनांत फरक निघाला. तो रांगेतल्या शेतकऱ्यांसमोर मोठ्यानं बोलला. मालक शेषेराव त्या दिवशी बाहेरगावी होते. कारभार त्यांचा पुतण्या बालाजी बघत होता. शब्दानं शब्द वाढला आणि भरदुपारी बालाजीनं आणि त्याच्या दोन माणसांनी टेम्पोतलीच चाक खोलायची लोखंडी टामी घेऊन सुदर्शनला मारलं. महामाया काट्याच्या काचेच्या खोलीत होती. तिनं सगळं पाहिलं. सुदर्शनला नांदेडला नेताना वाटेतच त्याचा जीव गेला.

पोलीस आले तेव्हा हमाल म्हणाले, आमी चहाला गेलतो. मुनीम म्हणाला, मी आत होतो. रांगेतले शेतकरी तर केव्हाच पांगले होते. फौजदार काचेच्या खोलीपाशी आला आणि त्यानं विचारलं, "बाई, तुमी बघितलं का?" महामायाला ऐन वेळी खोटं सुचलं नाही. ती म्हणाली, "हाव."

पुढं लोक तिला धाडसी म्हणू लागले. पेपरात तसं छापूनही आलं. पण त्यात धाडस काही नव्हतं. एकदा हाव म्हटल्यावर मागं फिरायची वाट उरली नव्हती एवढंच. तिनं मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर जबाब दिला. त्या दिवशी कोर्टाच्या बाहेर सुदर्शनची आई गुणाबाई उभी होती. तिनं महामायाचा हात दोन्ही हातांत धरला.

"समदं गाव आंधळं झालंय, माय," ती म्हणाली. "तूच तेवढी डोळस हायस."

आठवडाभरात आदर्शची मोटारसायकल दारातच जाळली गेली. मग जिल्हा न्यायाधीशांच्या समितीनं महामायाला संरक्षण दिलं. हिमायतनगर सोडायचं, दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या नावानं राहायचं, खटला उभा राहीपर्यंत कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. लातूर जिल्ह्यातलं औसा ठरलं. मंजुषानं खोली बघून दिली, पोरीची शाळा बघून दिली, डाळमिलमध्ये पॅकिंगचं काम लावून दिलं. ती साध्या साडीत, मावसबहीण असल्यासारखी अधूनमधून यायची. भीमाला सोबत चला म्हणून लई विनवलं, पण म्हातारा हलला नाही. "मला कोन काय करतंय?" तो म्हणाला.

दोन पावसाळे गेले. महामाया वंदना या नावाला हळूहळू सरावली. मागून कुणी हाक मारली की वळून बघू लागली.

त्या मार्चमध्ये औशात महिला मेळावा झाला. मोंढा बाजारामागच्या मैदानात मांडव घातला होता. महिलांच्या मदतीसाठी सरकारनं नवीन कक्ष काढला होता, त्याचं उद्घाटन होतं. मांडव भरायला गटागटांतून बाया आणल्या होत्या. डाळमिलच्या बायांना सकाळीच टेम्पोत बसवून नेलं. राज्यमंत्री रेवणसिद्ध येणार होते. सगळा भाग त्यांना रेवणअप्पा म्हणायचा. माणूस बोलायला गोड, कुणाच्याही मयतीला हजर, म्हाताऱ्या बाया त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

अप्पा बोलायला उभे राहिले. योजना सांगितल्या, आकडे सांगितले. बाया पदरानं वारा घेत होत्या. अप्पांना ते दिसलं असावं. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि आवाज बदलला.

"सरकार काय करतं म्हणता, ताई? एक गोष्ट सांगतो. तिकडं नांदेड जिल्ह्यात एका जिनिंगवर भरदिवसा पोराचा खून झाला. सगळे पळाले. एक बाई उभी राहिली. गुंडांनी तिला जगू दिलं असतं का? नसतं. पण आपल्या सरकारनं त्या भगिनीला उचललं, सुरक्षित ठेवलं. आणि अभिमानानं सांगतो, आज ती आपल्याच औशात, आपल्याच बचत गटाच्या डाळमिलमध्ये ताठ मानेनं काम करते. तिचं नाव मी घेणार नाही. ते गोपनीय आहे. पण तिच्यासाठी एकदा जोरात टाळ्या होऊन जाऊ द्या."

मांडव टाळ्यांनी भरून गेला. महामायाच्या दोन्ही बाजूंच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. तिनंही वाजवल्या. काय ऐकलं ते तिच्या डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरलं तेव्हाही हात वाजतच होते. मग पुढच्या रांगेतली एक बाई मागं वळली आणि डाळमिलच्या बायांवरून नजर फिरवू लागली. मिलच्या बायाही एकमेकींकडं बघू लागल्या. सगळ्या इथल्याच, एकमेकींच्या सासर-माहेराची खडा न् खडा माहिती असलेल्या. बाहेरून आलेली एकच होती.

संध्याकाळपर्यंत ते भाषण लोकांच्या मोबाईलवर फिरत होतं. कमलम्मानं अंगणात झाडू मारता मारता विचारलं, "वंदना, तू नांदेडकडची ना ग?" तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. महामाया नुसती हसली आणि आत आली.

मंजुषा दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. तिचा चेहरा उतरला होता.

"आढावा बैठकीत मोठ्या साहेबांनी मंत्र्यांना सांगितलं," ती म्हणाली. "चांगलं काम झालंय म्हणून सांगितलं. बाहेर सांगू नका, हेही सांगितलं. मिलचं नाव निघालं कारण ती मिल अप्पांनीच मंजूर केली होती."

"मग ते बोलले कामून?"

"बोलण्याच्या ओघात गेलं म्हणतात."

"आता?"

"दुसरीकडं हलवायचा प्रस्ताव देते मी आजच. समितीची बैठक झाली की ऑर्डर निघंल. तोवर मिलला जाऊ नका. पोरीला एकटी सोडू नका."

बैठक काही झाली नाही. समितीवरचे न्यायाधीश बदलून गेले होते, नवे रुजू व्हायचे होते. मंजुषा फोनवर रोज तेच सांगायची, आणि रोज तिचा आवाज आदल्या दिवसापेक्षा बारीक व्हायचा.

एका दुपारी दारात पांढरी गाडी थांबली. शेषेराव एकटेच उतरले. हातात मोसंब्यांची पिशवी होती. आदर्श कामावर गेला होता. महामाया दारात आली. दार लावावं हे तिच्या मनात आलं, पण त्या माणसाच्या हाताखाली तिनं सात वर्षं काढली होती. हात उठला नाही.

"पानी दे, माय," खुर्चीवर बसत ते म्हणाले. "लई ऊन हाय."

तिनं पाणी दिलं. त्यांनी भांडं ओठाला न लावता, वरून, सावकाश प्यायलं.

"मिल चांगली हाय तुमची. मंत्रीसाहेबांनी लई तारीफ केली. आमी मोबाईलवर बघितलं. मनलं आपलीच पोरगी हाय, जाऊन भेटावं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "मी काई वंगाळ बोलायला आलो न्हाई. बालाजी चुकला. तरणं रगत. पन आता त्याचं घर उठून जाईल. तुला काई कर मनत न्हाई मी. तुजं तुला."

महामाया भिंतीला टेकून उभी होती.

"तुजा बाप भीमा, त्याला दम्याचा तरास वाढलाय. तुला कळालं का न्हाई? परवा आमच्याच गाडीत दवाखान्यात नेलं. आता आमचा एक मानूस रोज त्याच्यापाशी जाऊन बसतो. एकला मानूस हाय. काई झालं तर कोनाला कळायचं बी न्हाई."

तेवढ्यात सृष्टी शाळेतून आली. दप्तर टाकून परक्या माणसाकडं बघत राहिली. शेषेरावांनी पिशवीतून एक मोसंबी काढून तिच्या हातात दिली.

"शाळा सुटली व्हय? रस्त्यानं एकलीच येतीस का?"

"आज आई आली न्हाई, एकलीच आले," पोरगी म्हणाली.

"मोठी झाली," ते महामायाला म्हणाले, आणि चहा घेऊन गेले. चहा तिनंच केला होता. 

मंजुषानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "धमकी काय दिली?"

"बाचं बोलले. पोरीला विचारलं."

"शब्द काय होते?"

महामायानं शब्द सांगितले. मंजुषानं लिहायला काढलेलं पेन तसंच हातात धरून ठेवलं. आजारी माणसाला दवाखान्यात नेलं, लेकराला मोसंबी दिली. यात लिहायचं काय? तरी तिनं लिहिलं आणि वर पाठवलं. वरून उत्तर आलं की धमकीचा ठोस मजकूर नाही.

आदर्श म्हाताऱ्याला आणायला हिमायतनगरला गेला आणि एकटाच परत आला. महामायानं दारातच विचारलं, "बा कुठं हाय?"

"ष्ट्यांडपर्यंत आणलं होतं. त्यो मानूस आमच्या मागं मागं आला. आबांची पिशवी त्यानंच धरली होती. मी मनलं, आता जा तुमी. तर तोबी गाडीत चढला. मनला, मालकानं सांगितलंय भीमातात्याला एकलं सोडू नको. आबा खाली उतरले. मनले, मी आलो तर हा बी येतो तुमच्या घरी."

महामायानं बापाला फोन लावला. भीमाला श्वास पुरत नव्हता. "पोरी, तू तुजं खरं बोल," तो म्हणाला. "मी लई जगलो." आणि मागून एक आवाज आला, "कोन हाय, तात्या? पोरगी का? इचारलं मना."

मग ती लातूरला गेली. रेवणअप्पांच्या संपर्क कार्यालयात सकाळपासून माणसांची रीघ होती. कुणाच्या हातात दवाखान्याचे कागद, कुणाच्या हातात लग्नाची पत्रिका. तिची पाळी आली तेव्हा ती वाकून हळू म्हणाली, "अप्पा, मी औशाची डाळमिलवाली. तुमी भाषणात सांगितलेली."

अप्पा पटकन उठले. तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावायला सांगितलं, स्वतः खुर्ची पुढं केली. तिनं शेषेरावांचं येणं सांगितलं, बापाचं सांगितलं.

"पण ताई, मी नाव घेतलं का?"

"न्हाई."

"गल्ली सांगितली? घर सांगितलं?"

"न्हाई, अप्पा. मिल सांगितली. तशी मिल औशात एकच हाय. आन त्यात बाहेरची बाई मी एकलीच हाय."

 अप्पांनी रुमालानं तोंड पुसलं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं. त्याचाच तिला जास्त घोर लागला. हा माणूस दुष्ट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

"माझ्या मनात काही नव्हतं हो," ते म्हणाले. "उलट तुमचं कौतुक म्हणून बोललो."

"ते मला ठाव हाय."

त्यांनी तिच्यासमोरच पोलिसांच्या मोठ्या साहेबांना फोन लावला, जरा रागानंच बोलले. पलीकडून प्रस्ताव समितीपुढं असल्याचं सांगितलं गेलं. भाषण इंटरनेटवरच्या आपल्या पानावरून काढायला त्यांनी माणसाला सांगितलं. ते दुसऱ्या शंभर ठिकाणी गेलेलं होतं, पण ते त्यांच्या हातात नव्हतं. तिला दारापर्यंत पोचवताना त्यांनी हात जोडले.

"एक विनंती आहे, ताई. हे बाहेर कुठं बोलू नका. विरोधक टपलेत. उगाच तुमचंही नाव चव्हाट्यावर येईल."

ती हाव म्हणाली आणि जिना उतरली.

खटल्याची तारीख समितीच्या बैठकीच्या आधी आली. आदल्या दिवशी आदर्श तिच्याजवळ बसला. तो नखानं वायरचं आवरण सोलत राहिला.

"काय करायचं ठरीवलंस?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुमी सांगा."

"मी न्हाई सांगत. मी आज खोटं बोल मनलो तर जलमभर तू मला दोषी धरशील. आन खरं बोल मनलो आन आबांचं काई झालं, तरी धरशील."

ते खरं होतं. म्हणून तिला त्याचा राग आला, आणि तिनं पाठ फिरवली.

नांदेडच्या कोर्टात तिला पडद्याआड बसवलं. आरोपींना तिचा चेहरा दिसू नये म्हणून तशी सोय होती. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्या घरच्या माणसानं तिच्या खोलीत बसून चहा घेतला होता, तरी नियमाप्रमाणं पडदा लावला होता. मागच्या बाकावर गुणाबाई होती. नवं लुगडं नेसून आली होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, त्या दिवशी काय पाहिलंत?

"मी खाली आकडा बघून राहिले होते," महामाया म्हणाली. "आवाज आला मनून वर बघितलं. मानसं पळून राहिली होती. कोन होती ते दिसलं न्हाई."

वकिलांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, न्यायाधीशांकडं बघितलं आणि साक्षीदार फितूर झाल्याचं जाहीर करायची परवानगी मागितली. मग तिचा जुना जबाब तिच्यापुढं धरला.

"ही सही तुमची?"

"हाव."

"शपथेवर दिला होता ना हा जबाब?"

"हाव."

"मग यात तिघांची नावं कशी आली?"

"पोलिसांनी सांगितलं तसं बोलले."

मंजुषा दाराशी उभी होती. तिनं मान खाली घातली. एवढं एक वाक्य बोलू नये असं महामायानं रस्ताभर ठरवलं होतं, पण ते बोलल्याशिवाय बाकीचं उभं राहत नव्हतं.

बालाजी आणि त्याची दोन माणसं सुटली. दुसरा साक्षीदार नव्हताच. निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की या बाईनं शपथेवर दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या आहेत, त्यातली एक खोटी असलीच पाहिजे. तेव्हा खोटी साक्ष दिल्याबद्दल तिला शिक्षा का करू नये, याचं तिनं कारण दाखवावं.

त्याच सुमारास दुसरी चौकशीही पुरी झाली. कुण्या वकिलानं मेळाव्यातल्या भाषणाची तक्रार केली होती. गोपनीय माहिती फोडणं हा गुन्हाच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आदर्शनं बातमी मोबाईलवर वाचून दाखवली. मंत्र्यांनी साक्षीदाराचं नाव घेतलेलं नाही. माहिती उघड करण्याचा त्यांचा हेतू दिसून येत नाही. तसा उल्लेख झाला असल्यास तो अनवधानाचा भाग असून त्याला गुन्हा म्हणता येत नाही. मात्र साक्षीदाराला सहज ओळखता येईल अशा ठिकाणी काम लावून देण्यात संबंधित महिला कर्मचाऱ्यानं निष्काळजीपणा केला आहे. तिची वेतनवाढ रोखून जळकोटला बदली करण्यात यावी.

"मंजुषाताईला?" महामायानं विचारलं.

"दुसरं कोन हाय?" आदर्श म्हणाला आणि मोबाईल उलटा ठेवला.

महामायानं मंजुषाला फोन केला. तो उचलला गेला नाही. नंतरही कधी उचलला गेला नाही.

संरक्षणही गेलं. साक्ष संपली, आता धोका उरला नाही, असं समितीनं ठरवलं. बैठक झाली ती हे ठरवायलाच.

कोर्टानं तिला फुकट वकील दिली. पुनम नावाची तरुण मुलगी, नुकतीच सनद मिळालेली. तिनं कागद मन लावून वाचले होते.

"ताई, खरं काय ते मला कळलंय," ती म्हणाली. "तुम्ही कोर्टाला सांगा, पहिला जबाब खरा होता, भीतीपोटी पलटले. भाषणाचं सांगा, शेषेराव घरी आले ते सांगा. न्यायाधीश माणूसच आहेत. शिक्षा झाली तरी नावाला होईल. आणि सरकारला सुटकेवर अपील करता येईल."

"मग बालाजीला परत धरतील?"

"अपील चाललं तर. वेळ लागेल."

"किती?"

"वर्षं लागतात, ताई."

"तवर माजा बा त्यायच्या ताब्यात ऱ्हाईल."

 पुनमनं दुसरा काही मार्ग निघतो का म्हणून कागद पुन्हा उलटले, पण ती नुसती उलटतच राहिली.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांनी तिला सरळच विचारलं. आवाज कडक नव्हता.

"बाई, दोन्ही खरं असू शकत नाही. कोणता जबाब खोटा?"

महामायाला वाटलं होतं की शिक्षा भोगली की झालं. पण शिक्षेच्या आधी हे सांगावं लागेल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. जे पाहिलं ते खोटं होतं, असं आता पुन्हा शपथेवर सांगायचं.

"पैला," ती म्हणाली. "पैला जबाब खोटा."

"म्हणजे निरपराध माणसांवर तुम्ही खुनाचा आळ घेतलात?"

"हाव, साहेब. गुन्हा कबूल हाय."

महिनाभराची साधी कैद झाली. निकाल वाचताना न्यायाधीश म्हणाले की अशा साक्षीदारांमुळे लोकांचा न्यायावरचा विश्वास उडतो. महामाया ऐकत होती. ते बोलत होते ते चुकीचं नाही, असं तिला वाटलं.

बाहेर व्हरांड्यात गुणाबाईनं तिला गाठलं. बरोबरची महिला पोलीस अडवायला लागली, मग बाजूला झाली. जिन्यापाशी शेषेराव कुणाशी तरी फोनवर बोलत उभे होते. त्यांची नजर इकडंच होती.

"माय, मला एकलीला सांग," गुणाबाई म्हणाली. "तू बघितलं न्हवतंस?"

"न्हाई, मावशी."

"मग माज्या लेकराला कोनी मारलं?"

महामायानं जिन्याकडं बघितलं. गुणाबाईनं वाट बघितली. मग महिला पोलीस म्हणाली, "चला, गाडी थांबलीय."

भीमा ती तुरुंगात असतानाच वारला. कुणी काही केलं नाही; दम्यानंच गेला. शेषेरावांचा माणूस शेवटपर्यंत जवळ होता. त्यानंच आदर्शला कळवलं, त्यानंच लोक गोळा केले. महामायाला दोन पोलिसांबरोबर काही तासांसाठी नेलं. वस्तीतल्या बायांनी तिला जागा दिली, पण गळ्यात पडून कुणी रडलं नाही. बापाच्या पायाशी बसल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की, आता खरं बोलता येईल. तिला स्वतःची किळस आली.

सुटल्यावर ती पुनमकडं गेली. पुनमनं सगळं ऐकलं आणि पेनाचं टोपण घट्ट लावलं.

"अपिलाची मुदत गेली, ताई. आणि मुदत वाढवून घेतली तरी आता तुमचा शब्द कोण धरेल? खोटी साक्ष दिली म्हणून तुम्ही शिक्षा भोगून आलाय. तुम्ही स्वतः कबूल केलंय."

तिथून ती हिमायतनगरची गाडी धरून गुणाबाईच्या घरी गेली. आदर्श नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही.

गुणाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं महामायाला बघितलं, चटई सरकवून दिली आणि सोलत राहिली. महामायानं सगळं सांगितलं. टामी कुणाच्या हातात होती ते सांगितलं. सुदर्शन खाली पडल्यावर काय म्हणाला तेही सांगितलं, जे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं आईला हाक मारली होती.

गुणाबाईचे हात थांबले.

"कोर्टात पैले येक सांगितलंस," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मग दुसरं सांगितलंस. शपथ घिऊन सांगितलंस. आता हे सांगून राहिलीस. मी म्हातारी मानूस, माय. ह्यातलं कोनतं धरू?"

"हेच खरं हाय, मावशी."

"आसंल," गुणाबाई म्हणाली. "पन आता ते घिऊन मी कुठं जाऊ?"

ती आत गेली, तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं आणि पुन्हा शेंगा सोलायला बसली. समोरच्या रस्त्यानं कापसाचा टेम्पो जिनिंगकडं गेला. दोघींनीही तिकडं बघितलं नाही. संध्याकाळच्या गाडीला अजून अवकाश होता. महामाया चटईवर बसून राहिली, आणि थोड्या वेळानं तिनंही सुपातल्या शेंगा पुढं ओढल्या. गुणाबाईनं तिला नको म्हटलं नाही.